'शाप की वरदान' फळ्यावरून पुसून टाका

प्रश्न थोडक्यात असा. भांडुपच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववीला शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेला 'तंत्रज्ञानाचा समाजावर होणारा परिणाम' या विषयासाठी सहा तासिका मिळाल्या आहेत. पहिल्या तासिकेला त्यांनी मुलांना मनात येईल ते लिहायला सांगितलं, तर जवळपास सगळ्या वह्यांत 'मोबाईल शाप की वरदान' हाच निबंध आला. अर्धं पान फायदे, अर्धं पान तोटे आणि शेवटी 'शेवटी ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे'. उरलेल्या पाच तासिकांत काय करावं, असं त्या विचारतात. संगणक कक्षाला बहुतेक वेळा कुलूप असतं आणि शाळेत मोबाईल आणायला बंदी आहे.

मॅडम, मुलांवर रागावू नका. तो निबंध पाचवीपासून आपणच त्यांच्याकडून घोटून घेतला आहे. आधी विज्ञान, मग दूरदर्शन, मग मोबाईल, आता कृत्रिम बुद्धिमत्ता. नाव बदलतं, साचा तोच. मी सव्वीस वर्षं लालबाग-परळ भागात आठवी ते दहावीला इतिहास-भूगोल शिकवला आणि पहिली पाच-सहा वर्षं मीही हाच निबंध देत होते. पुढे त्याचं शेवटचं वाक्य मला खटकायला लागलं. 'वापरणाऱ्यावर अवलंबून आहे' असं लिहिलं की विषयच मिटतो. यंत्र कोणी बनवलं, ते आणायचं कोणी ठरवलं, त्याच्यामुळे कोणाचं काम गेलं, त्याला लागणारी वीज आणि पाणी कोणाच्या गावातून आलं, ही सगळी माणसं पानावरून नाहीशी होतात. मागे राहतो एकटा वापरणारा आणि त्याची शिस्त. चौदा वर्षांच्या मुलाला एवढंच दिसत असेल, तर तो समाजाबद्दल काहीच शिकलेला नाही.

तेव्हा 'शाप की वरदान' फळ्यावरून पुसा आणि तिथे चार प्रश्न लिहा. हे यायच्या आधी हे काम कोण करत होतं? त्या माणसांचं पुढे काय झालं? हे आणायचं कोणी ठरवलं आणि कोणाला विचारलंच नाही? याची किंमत कोण मोजतं? पाचही तासिका हे प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात तसेच राहू द्या. पुसले गेले तर मुलांकडूनच पुन्हा लिहून घ्या.

आणि सुरुवात मोबाईलपासून करू नका. मोबाईलचं नाव काढलं की मुलांना वाटतं, आता बोलणी बसणार. ती लगेच सावध होतात आणि आपल्याला ऐकायला आवडेल तेच बोलतात. ज्या वस्तूवरून घरी कधी भांडण झालेलं नाही, अशी एखादी वस्तू घ्या. माझी वस्तू पिठाची गिरणी.

शाळेच्या मागच्या गल्लीत एक गिरणी होती. मधल्या सुट्टीत दहा-दहा मुलांना घेऊन मी तिथे जायचे, जेमतेम पंधरा मिनिटं. गिरणीवाले काका पट्टा चढवायचे आणि मुलांच्या तळहातावर चिमूट-चिमूट पीठ द्यायचे. 'गरम लागतंय ना? घरी नेल्यावर डब्याचं झाकण लगेच लावायचं नाही, घाम धरतो.' एका मुलीने विचारलं, 'काका, गिरणी नव्हती तेव्हा कोण दळायचं?' ते म्हणाले, 'तुझी पणजी.' त्या दिवशीचा गृहपाठ एवढाच: घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला जात्याबद्दल विचारून यायचं. आजी गावाला असेल तर फोन करायचा.

दुसऱ्या दिवशी वर्ग नेहमीपेक्षा वेगळा होता. खेडच्या एका आजीने नातवाला सांगितलं होतं, 'पहाटे चारला उठायचो, हात सोलवटायचे. गिरणी आली तेव्हा देव पावला.' आणि थोडं थांबून म्हणाल्या होत्या, 'पण गाणी गेली. आता ओव्या कुठे म्हणायच्या, गिरणीच्या रांगेत?' मी मुलांना हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्याबद्दल सांगितलं. या दोघांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सोबत्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांमधून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. सासर, माहेर, देव, भाऊ, मारहाण, भूक, सगळं त्या ओव्यांत आहे. मुलांमध्ये बराच वेळ वाद रंगला. आजीचे हात वाचले ते महत्त्वाचं की तिची बोलायची जागा गेली ते? मी मध्ये पडले नाही. वाद चालू असताना मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'बाई, जात्यावर सगळ्या बायका होत्या. गिरणीवाले मात्र काकाच असतात. आमच्याकडे दळण आणायला दादा जातो. पैसे मिळायला लागले, काम हलकं झालं, तेव्हा ते पुरुषांना चाललं.' हे वाक्य कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हतं. पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

तुमच्याकडे गिरणी नसेल तर शिवणयंत्र घ्या, गॅसची शेगडी घ्या. नळही चालेल, आणि भांडुपला तर नळच घ्यावा असं मी म्हणेन. मुंबईच्या पाण्याचा फार मोठा भाग भांडुप संकुलात शुद्ध होऊन शहरभर जातो. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरी पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं आणि ते कोण भरतं, याचा तक्ता फळ्यावर करा. टेकडीवर राहणारी आणि सपाटीवर राहणारी मुलं वेगवेगळ्या रंगाच्या खडूने लिहा. मग नकाशात मुंबईला पाणी देणारी तानसा, वैतरणा, भातसा ही धरणं दाखवा आणि उन्हाळ्यात त्यांच्याच परिसरातल्या शहापूर तालुक्यातल्या गावांत टँकर का जातात, ते विचारा. तिसरा आणि चौथा प्रश्न त्या तक्त्यातून आपोआप वर येतील. विजेचंही तसंच. खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांना मिळायला लागली. पुढे मुळशीच्या धरणात मावळातली गावं बुडणार म्हटल्यावर १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्याचे पुढारी होते. धरण झालंच. वर्गातला दिवा एक मिनिट बंद करायचा आणि ही गोष्ट सांगायची.

पुढच्या तासिकेला वर्गात शिरतानाच विचारा, 'किती वाजले?' उत्तर आलं की विचारा, 'कोणी ठरवलं?' मुलं गोंधळतात. मग फळ्यावर दोन घड्याळं काढा. एका घड्याळात बारा, दुसऱ्यात बाराला ३९ मिनिटं कमी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईची स्वतःची वेळ होती. आगगाड्या मद्रास वेळेवर धावायच्या आणि शहर मुंबई वेळेवर चालायचं. रेल्वे आणि तारायंत्र नसतं तर गावोगावच्या वेगळ्या वेळेने कोणाचं काही अडलं नसतं. गाडीचं वेळापत्रक आलं तेव्हा अडायला लागलं. १ जानेवारी १९०६ पासून सध्याची प्रमाणवेळ लागू झाली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे होती. आता मुलांना गिरणी कामगाराच्या जागी उभं करा. गिरणी पहाटे सुरू होते आणि भोंगा घड्याळावर वाजतो. सूर्य काही घड्याळाचं ऐकत नाही. काटा पुढे सरकवला की कामगाराला तेवढा वेळ आधी, काळोखात चाळीतून बाहेर पडावं लागणार. त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनी याला विरोध केला. महापालिकेने तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ मुंबई वेळ सोडली नाही. घड्याळावरही कधी भांडण झालं होतं, हे मुलांना खरंच वाटत नाही. जे आपल्याला हवेसारखं नैसर्गिक वाटतं तेही कोणीतरी ठरवलेलं असतं, हे कळायला यापेक्षा सोपं उदाहरण मला सापडलेलं नाही.

दिव्याची गोष्ट याच तासिकेत बसते. गिरण्यांमध्ये विजेचे दिवे आले तेव्हा अंधार पडल्यावरही साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालू ठेवता यायला लागले आणि कामाचा दिवस चौदा तासांच्या पुढे गेला. १९११ च्या कायद्याने प्रौढ पुरुष कामगारासाठी बारा तासांची मर्यादा घातली. त्याआधी १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली होती, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेऊन, अर्ज करून, सतत पाठपुरावा करून मिळवली. माझ्या वर्गात यावर हमखास प्रश्न यायचा: 'बाई, मग दिवा वाईट का?' तेव्हा फळ्याच्या कोपऱ्यातल्या तिसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवायचं. किती तास काम करायचं ते दिव्याने ठरवलं नव्हतं. ते माणसांनी ठरवलं, आणि दुसऱ्या माणसांनी भांडून बदलून घेतलं. संपूर्ण विषयात मुलांच्या हाती एकच गोष्ट लागणार असेल, तर ती ही लागावी असं मला मनापासून वाटतं.

शक्य असेल तर एका माणसाला वर्गात बोलवा. माझ्याकडे साचेखात्यात तीस वर्षं काढलेले एक आजोबा यायचे. त्यांना फार कमी ऐकू यायचं, म्हणून मुलं पाटीवर प्रश्न लिहून समोर धरायची. का ऐकू येत नाही, हाच पहिला प्रश्न असायचा. ते सांगायचे, खात्यात इतका आवाज की आम्ही ओठांवरून ओळखायचो, हातांनी बोलायचो. आणि मग खुणा करून दाखवायचे: मुकादम येतोय, धागा तुटलाय, चहाला चल. गावी गेलो की घरचे म्हणायचे, ओरडतोस कशाला. पन्नास मुलांचा वर्ग त्या हातांकडे श्वास रोखून बघत बसायचा. ते गेल्यावर मी इतिहास जोडायचे. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपात एक मोठा मुद्दा होता की दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन का सांभाळावेत. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. इथे एक काळजी घ्या. मुलं घरून तयार उत्तर घेऊन येतात, 'संपामुळे गिरण्या गेल्या' किंवा 'मालकांनी घालवल्या'. दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहून घ्या आणि त्यांच्या शेजारी भिवंडीचे यंत्रमाग, न बदललेली जुनी यंत्रं, परळच्या जमिनीचा वाढता भाव हेही लिहा. मग कशामुळे काय झालं ते बाण काढून त्यांनाच जोडू द्या. फळा गिचमिड होतो. तो तसाच ठेवा. तुमच्या मुलांना एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर आणि मॉल रोज दिसतात, त्यांच्याकडे अशी माणसं घरातच निघतील.

आता मोबाईल. चौथ्या तासिकेपर्यंत मुलांना प्रश्न विचारायची सवय झालेली असते, तेव्हा हा विषय काढा. मी अफवांपासून सुरू करते. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश त्या दिवसांत मोबाईलवरून फिरत होते. त्यातली बहुतेक माणसं सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी आली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. नववीच्या मुलांना हे झेपतं का? झेपतं. मात्र कोणताही व्हिडिओ किंवा फोटो दाखवू नका, शांतपणे सांगा आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्या.

मग एकशे बावीस वर्षं मागे जा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. इस्पितळात नेलेला माणूस परत येत नाही, तिथे मुद्दाम मारतात, अशी अफवा पसरली आणि ऑक्टोबरच्या शेवटी सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तेव्हा मोबाईल कोणाकडेच नव्हता. मग मोबाईलने नेमकं काय बदललं? हा प्रश्न टाकून तुम्ही बाजूला व्हा. माझ्या एका वर्गाने शोधून काढलं की चाळीत अफवा सांगणाऱ्याचा चेहरा तरी दिसायचा, 'तुला कोणी सांगितलं' असं विचारता यायचं. फॉरवर्डमध्ये पहिला बोलणारा कोण ते कधीच कळत नाही. आणखी एक मुलगा म्हणाला, भीती आधीपासून होती, फोनने तिला फक्त पाय दिले. या दोन उत्तरांवर एक पूर्ण तासिका सहज जाते.

मोबाईल आणायला बंदी आहे म्हणून अडून राहू नका. मुलांना घरापासून शाळेपर्यंत दिसणारे कॅमेरे मोजायला सांगा. प्रत्येक कॅमेरा कोणी लावलाय आणि त्यातलं चित्र कोण बघतं, हे दुकानदाराला विचारून यायचं. बरेच दुकानदार सांगतात की चित्रण किती दिवस राहतं ते त्यांनाही माहीत नाही. मग सांगा की २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. आता मुलांना तो निकाल फक्त परीक्षेपुरता वाटत नाही.

किंवा भाजीवाल्या मावशींना क्यूआर कोडबद्दल विचारायला पाठवा. माझ्या एका विद्यार्थिनीने परळ नाक्यावरच्या मावशींना विचारलं होतं. सुट्ट्यांची कटकट मिटली, म्हणाल्या. पण कोड मुलाच्या खात्याचा आहे, कारण फोन त्याचा. आधी संध्याकाळी पैसे पदराला असायचे, आता घरी जाऊन मागावे लागतात. यूपीआय २०१६ मध्ये आलं, ते चालवणाऱ्या संस्थेचं मुख्यालय मुंबईतच आहे, रोज लाखो दुकानांत ते वापरलं जातं, हे सगळं खरं आहे. पण त्या मुलीच्या वहीतली 'पैसे पदराला' ही ओळ वाचल्यावर मी बराच वेळ दुसरी वही उघडू शकले नाही.

मार्च २०२० नंतरचे दिवसही आठवा. तुमच्या आत्ताच्या मुलांनी ते प्राथमिक शाळेत असताना अनुभवले आहेत. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये उघडले, लहान मुलांना त्याहून जास्त थांबावं लागलं. माझ्या वर्गातली एक मुलगी दोन भावांबरोबर एकच फोन वापरायची आणि रेंजसाठी चाळीच्या गॅलरीत उभी राहून तास ऐकायची. फोन आधी कोणाला, हा निर्णय घरात कसा झाला, हे ज्याला लिहावंसं वाटेल त्याला लिहू द्या. मोठ्याने वाचायची सक्ती नको. काही घरांत त्या आठवणी अजून दुखऱ्या आहेत.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर वेगळी तासिका घालवू नका. घरी ज्याला मिळेल त्याने त्या यंत्राला आपल्या वस्तीचा इतिहास विचारावा आणि छापील उत्तर किंवा हाताने उतरवलेलं उत्तर आजी-आजोबांना वाचून दाखवावं. कुठे ते मान हलवतात आणि कुठे 'असं नव्हतं' म्हणतात, ते समासात लिहायचं. एवढं पुरेसं आहे.

कामाच्या दोन-तीन गोष्टी. मुलं बाहेर जाऊन प्रश्न विचारणार म्हणजे पालकसभेत आधी सांगा आणि मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. मुलाखत देणाऱ्याचं नाव त्यांच्या संमतीशिवाय वहीत नको, फोटो तर मुळीच नको. गुण द्यावेच लागले तर उत्तराला न देता प्रश्नांना द्या: मुलाने दुसऱ्यांदा जाऊन काय विचारलं ते बघा. सहल काढता आली तर आणिक आगारातलं बेस्टचं संग्रहालय किंवा वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, आधी फोन करून. नाही निघाली तरी काही बिघडत नाही.

शेवटची तासिका मात्र राखून ठेवा आणि मुलाखत दिलेल्या माणसांना बोलवा. आमच्याकडे गिरणीवाले काका आले होते, बाह्यांवर पीठ तसंच. एका मुलाने उभं राहून वाचलं की अमुक साली काकांनी गिरणी सुरू केली. काकांनी हात वर केला. 'मी नाही, माझ्या वडिलांनी. मी नुसती पुढे चालवली. ते बदल.' मुलाने तिथल्या तिथे खोडून नीट लिहिलं, मग मान वर करून विचारलं, 'मग त्यांच्या आधी या गाळ्यात काय होतं?' काका विचार करायला लागले, आणि मी घंटा झाल्यावरही वर्ग सोडला नाही.